कातडीचे बेचाळीस शब्द

मळमड्डी, धारवाड
२४ जून १९३८, शुक्रवार

तेहतीस वर्षं मास्तरकी करून घरी बसलो त्याला आज दोन वर्षं झाली, आणि आजच मला काम मिळालं. योगायोग वगैरे मी म्हणणार नाही. ज्याला काम येतं त्याला लोक शोधत येतात, एवढंच म्हणतो.

शोधत आला तो दत्तात्रेय. माझा विद्यार्थी, आता डॉक्टर. खेड्यांतल्या दवाखान्यांसाठी तो एक छोटं पुस्तक छापतोय. तिथले डॉक्टर, कंपाउंडर बाहेरगावचे, कुणी मद्रासकडचा, कुणी सुरतेचा. रोगी सांगतो ते त्यांना कळत नाही आणि ते विचारतात ते रोग्याला कळत नाही. म्हणून कुठल्या दुखण्याला आपली माणसं काय काय म्हणतात, ते सगळं या पुस्तकात येणार. पोट, छाती, ताप हे त्याने स्वतः केलं. अडलं ते कातडीपाशी. कातडीला झालेली कुठलीही इजा, तिला इंग्रजीत म्हणे एक शब्द पुरतो. त्याच्यापुढे या पठ्ठ्याने नुसतं ‘जखम’ लिहिलं होतं.

मला हसू आवरेना. म्हटलं, “दत्तू, सायकलवरून पडलं की खरचटतं. तव्याला हात लागला की चटका बसतो. नवी वहाण काचते. थंडीत टाच उलते. हे सगळं तू जखमेत कोंबणार?”

“म्हणून तर तुमच्याकडे आलो, मास्तर. नुसते शब्द नकोत. कुठला कधी वापरतात तेही पाहिजे. आम्ही भलता शब्द विचारतो, रोगी नाही म्हणतो, आणि आम्ही फसतो.”

वेणू तांदूळ निवडत होती. तिला सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे आता गावभर लोकांची ढोपरं बघत हिंडणार तुम्ही. शोभेल हो वयाला!” पण दत्तूला तिने दोनदा चहा दिला. तिलाही बरं वाटलंय.

हे काम कसं झालं याची नोंद असावी म्हणून ही वही सुरू केली.

२९ जून, बुधवार

काल गाडीने हुबळीला गेलो आणि सबंध दिवस दुर्गदबैलाच्या बाजारात काढला. हमाल, हातगाडीवाले, एक चांभार, एक न्हावी. पहिल्या तासात लोकांनी मला पोलिसांचा माणूस समजून तोंड फिरवलं. मग मी माझाच गुडघा उघडा करून १९१२ सालची खूण दाखवली, तेव्हा जो तो आपलं कातडं दाखवायला पुढे सरला. परत येताना वहीत एकोणतीस शब्द होते.

एका हमालाच्या खांद्यावर मनगटाएवढा घट्टा. म्हटलं, हे काय झालंय? तर म्हणतो, “याला काय झालंय? हे कामाचं हाय.” त्याला दुखणं म्हणायला तो तयारच होईना. मी घट्टा यादीतून काढून टाकला. ज्याचं कातडं त्याचा शब्द, हे माझं सूत्र. दत्तूलाही सांगितलं. त्याला ते फार आवडलं.

आणखी एक जिंकलो. वैद्यांच्या पोथीत व्रण म्हणजे उघडी, वाहती जखम. आपल्या बोलण्यात व्रण म्हणजे ती भरून आल्यावर राहिलेली खूण. पोथी वाचून आलेला डॉक्टर ‘व्रण दाखवा’ म्हणणार आणि बाई वीस वर्षांपूर्वीचा डाग दाखवणार! दत्तूने कपाळावर हात मारला. मी दाखवून दिलं नसतं तर हे छापून गेलं असतं.

८ जुलै, शुक्रवार. शयनी एकादशी

आज यादीला सुट्टी. आमच्या वैष्णव मठाचे स्वामीजी तप्तमुद्रा द्यायला गावात आलेले. पहाटेच अंघोळ करून, ओल्या सोवळ्याने रांगेत उभे राहिलो. वेणू काल म्हणत होती, “या वर्षी राहू दे की. अंगात कसकस वाटते. मुद्रा काय, पुढच्या वर्षी घेता येईल.” मी म्हटलं, लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकलेलं नाही आपलं, आणि आता चुकवायचं? मग आली.

रांग लावणारे बाळाचार्य जाणते गृहस्थ. प्रत्येकाला विचारत होते, आजारी माणसाला माघारी पाठवत होते. वेणूकडे बघून म्हणाले, “प्रकृती ठीक ना?” मीच म्हणालो, उत्तम.

होमात तापलेली मुद्रा दंडाला टेकते तो क्षणभरच. उजवीकडे चक्र, डावीकडे शंख. शेजारच्या बायका ‘हरी, हरी’ म्हणून डोळे मिटत होत्या. वेणूने पापणी लवू दिली नाही. डावीकडचा शंख थोडा खोल बसला, पण कडा अगदी स्पष्ट आहेत. घरी येताना मी तीनचार ओळखीच्यांना तिचा दंड दाखवला. तिचा मला नेहमीच अभिमान वाटतो, पण असा दरवेळी बोलून दाखवत नाही. इथे लिहितो.

१२ जुलै, मंगळवार

चौतीस शब्द. ‘चिखल्या’ आज मिळाला, पावसात बोटांच्या बेचक्यात होतात त्या. एवढे दिवस सुचला कसा नाही?

झडीमुळे सोवळ्याची लुगडी वाळत नाहीत, म्हणून वेणू दिवसभर लोकरीची धाबळी गुंडाळून असते. पाणी फार पिते. उशाचा तांब्या दिवसातून पाच-सहा वेळा भरावा लागतो. बांगड्या सैल झाल्यात, कोपरापर्यंत चढतात. चातुर्मासात एक वेळ जेवून एकभुक्त राहिल्यावर असं व्हायचंच.

डावीकडची मुद्रा छान पिकली आहे. मी रोज सकाळी गोपीचंदन उगाळून जाडसर लावतो. लावताना ती हात आखडून घेते. म्हटलं, त्या दिवशी पापणी लवली नाही आणि आता ग काय? तर म्हणाली, “त्या दिवशी स्वामीजी होते समोर. आता तुम्ही आहात.”

१६ जुलै, शनिवार

आज डोकं फिरलं. कारण जनाबाई.

ही अळणावरकडची बाई गेली नऊ वर्षं आमची धुणीभांडी करते. हाताने स्वच्छ, तोंडाने फटकळ. धुणं धुताधुता मागच्या दारातून ओरडली, “मास्तर, आक्काच्या चोळीला पू लागलाय. परवाबी हुता. त्यांचा दंड भाजलाय न्हवं?”

मी म्हटलं, “भाजायला काय झालं? ती मुद्रा आहे.”

“मुद्रा आसंल की. पर कातडं भाजलंय. बैलाला डाग दिल्यावर चिघळतंय, तसंच हाय बघा.”

बैल! घरच्या लक्ष्मीच्या अंगावरच्या शंखाला ही बाई बैलाचा डाग म्हणते! मी चांगलाच तापलो. म्हटलं, तुला काही कळत नाही तिथे बोलू नकोस, आणि उद्यापासून फक्त भांडी घास, धुण्याला हात लावू नकोस. आतून वेणू म्हणाली, “अय्यो, तिच्यावर कशाला ओरडता? तिला काय ठाऊक आपलं?”

राग ओसरल्यावर एक ध्यानात आलं. ‘डागणे’ यादीत नव्हता. लगेच लिहिला. डागणे : तापलेल्या लोखंडाने कातडी मुद्दाम भाजणे, बहुधा जनावरास. चिघळणे : भाजलेले, कापलेले न सुकता पू धरणे. जनाबाईचा उपयोग झाला म्हणायचा. एकूण एकेचाळीस.

१९ जुलै, मंगळवार

वेणूला परवापासून ताप आहे. आज अंथरुणातून उठलीच नाही, म्हणून दत्तूला बोलावलं.

आला, जीभ पाहिली, धाबळीतून तिचं मनगट बाहेर घेऊन नाडी पाहिली. पोट दाबलं. मग माझ्याकडे वळला. “मास्तर, कुठे जखम, फोड, गळू?”

मी त्याला मध्येच थांबवलं. म्हटलं, असं विचारतात का? यादी कुणाची आहे? आणि एकेक घेत गेलो. खरचटलेलं नाही, सोलवटलेलं नाही, कापलेलं नाही, ठेच नाही, काच नाही. चटका नाही, पोळलेलं नाही, भाजलेलं नाही. चिखल्या नाहीत. गळू नाही. कानडीतही सांगून टाकलं, हुण्णु इल्ल, सुट्टगाय इल्ल, फोड नाही, भाजल्याची जखम नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस मला तोंडपाठ आहेत! दत्तू हसत ऐकत होता.

तरी डॉक्टरच तो. त्याने वेणूलाही विचारलं, “काकू, स्वयंपाक करताना कुठे भाजलं नाही ना?”

“इल्लप्पा,” ती म्हणाली. “आठ दिवसांत चुलीपुढे बसलेय कुठे मी भाजायला?”

“तुमच्यासारखा साक्षीदार घरात असल्यावर मी आणखी काय विचारू?” दत्तू मला म्हणाला. हिवताप असावा म्हणाला, कोयनेल देऊन गेला. त्याच्या या वाक्याने मला किती बरं वाटलं ते खोटं कशाला बोलू.

२१ जुलै, गुरुवार

सकाळी वेणूने मला ओळखलं नाही. मला अण्णा म्हणाली. तिचे अण्णा जाऊन अठरा वर्षं झाली.

दुपारी

मी दत्तूकडे निघायला पायात वहाणा घालतो तो दत्तूच धावत आला. मागे जनाबाई. ती सकाळी भांडी तशीच टाकून गेली होती. त्याच्या दवाखान्यात पायरीवर उभी राहून तिने सगळ्या रोग्यांदेखत सांगितलं म्हणे, “आक्काचा दंड भाजून कुजायलाय, आन मास्तर न्हाई म्हनत्यात.”

दत्तूने धाबळी वर केली. लोकर चिकटली होती ती कोमट पाण्याने भिजवून सोडवली. गोपीचंदनाचा पापुद्रा निघाला. खाली शंख नव्हताच. जे होतं त्याला माझ्याजवळ बेचाळीसावा शब्द नाही.

“मास्तर, हे काय?”

“मुद्रा.”

“केव्हाची?”

“एकादशीची.”

“परवा मी विचारलं तेव्हा होती?”

“होती.”

“मग?”

“तू जखमेचं विचारलंस, दत्तू.”

तो माझ्याकडे पाठ करून पिशवी उघडू लागला. मग त्याने मूत्र तपासलं. मधुमेह आहे, आणि बराच जुना असावा. तहान, बांगड्या, सगळं त्याच्यापायी. असल्या अंगावर साधा ओरखडाही भरून यायला मारामार, म्हणाला. दंड कापून पू काढायला हवा, आणि इन्सुलिन हवं. हात वाचेल का विचारलं. “आधी काकू वाचू देत,” म्हणाला.

इन्सुलिन हुबळीला मिळेल. निघतो.

२४ जुलै, रविवार

रोज दोनदा इंजेक्शन. ताप एकशे दोनच्या खाली येत नाही. जखम दत्तू स्वतः धुतो, मी चिमणीच्या पिलासारखा तोंड वासून उभा. जखम. इथे लिहिला शेवटी तो शब्द.

मी दोनदा तिच्या वतीने उत्तर दिलं. बाळाचार्यांना ‘उत्तम’ म्हणालो, दत्तूला ‘काही नाही’ म्हणालो. दोन्ही वेळा मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. यादी कपाटावर फेकून दिली आहे. ज्याला बायकोचा दंड वाचता आला नाही त्याने लोकांना शब्द शिकवू नयेत.

जनाबाईला म्हटलं, “तू बोललीस ते खरं होतं. मी तुला नको ते बोललो.” ती धुणं पिळत होती. “दिसलं ते बोलले, मास्तर. तुमी सरा तिकडं, पाणी उडंल.” बस, एवढंच. ती पुन्हा धुणं धुऊ लागली आहे, न सांगता.

३१ जुलै, रविवार

ताप उतरला! काल सकाळी नव्व्याण्णव, आज तेवढाही नाही. दत्तू म्हणाला, हात राहील. डावा खांद्याच्या वर उचलता येणार नाही, पण राहील. मी देवघरात जाऊन बसलो आणि मोठ्याने रडलो. आतून वेणू म्हणाली, “जोरात नको, शेजारी धावत येतील.”

पेज पाजताना तिने पहिलं काय विचारावं? “यादी पाठवलीत?”

म्हटलं, नाही, आणि पाठवणारही नाही. का ते सांगितलं. सगळं सांगितलं, बाळाचार्यांपासून. तिने पेजेचा चमचा दूर सारला. मग म्हणाली, “राग आलाय मला तुमचा. राहू दे म्हटलं होतं मी, आणि तुम्ही ऐकलं नाहीत. ते मी विसरणार नाही.”

“विसरू नकोस,” मी म्हणालो.

“पण दत्तूनं मलाही विचारलंच होतं की. मीही नाहीच म्हटलं. आणि उद्या पुन्हा कुणी, जखम झाली का, भाजलं का विचारलं, तरी मी नाहीच म्हणणार. मुद्रा ती मुद्रा. तिला मी जखम म्हणणार नाही, तुमच्या पुस्तकासाठीसुद्धा नाही. ब्याड म्हणजे ब्याड, नको म्हणजे नको. पण मुद्रा घेतली का, कधी घेतली, असं विचारलं असतं तर तिथीवारासकट सांगितलं असतं. दंड काढून दाखवला असता. विचारलं कुणी?”

एवढं बोलून तिला धाप लागली. मी पेज तशीच हातात धरून बसलो. तेहतीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारले. असा धडा मला कुणी दिला नव्हता.

६ ऑगस्ट, शनिवार

यादी कपाटावरून काढली. धूळ झटकली.

आठवडाभर पुन्हा हिंडलो, पण आता शब्द मागायला नाही. प्रत्येकाला एकच विचारतो : तुझ्या अंगावर असं काय आहे, की ज्याला तू दुखणं म्हणणार नाहीस? माणसं सांगू लागतात. कुणाचं ताजं गोंदण, कुणाचे कान टोचलेले, कुणाचे नवसाचे चटके. दुर्गदबैलातल्या त्या घट्टेवाल्या हमालालाही गाठलं. घट्ट्याखाली भेग पडून महिनाभर पाणी वाहतंय, आणि तो म्हणतो कामाचं!

जनाबाईलाही विचारलं. आधी म्हणाली, “माज्या अंगावर कायबी न्हाई.” मग काकणं वर सारून मनगटाजवळची पांढरी चकती दाखवली. “ल्हानपनी कावीळ झालती. मग डाग दिला.”

“मग डॉक्टरनं विचारलं असतं, कुठं भाजलंय का, तर?”

“न्हाईच म्हटलं आसतं. त्ये भाजनं व्हय? त्ये औषिद हुतं.”

असं म्हणत ती हसत बसली. मीही हसलो. वेणू उशीवरून म्हणाली, “बघा. आक्काचं तेवढं भाजलेलं दिसतं हिला.”

बेचाळीसावा शब्द घातला, ‘उतू येणे’, म्हणजे आतलं दुखणं फोडांनी कातडीवर फुटून येणे, आणि यादी तिथे संपवली. तिच्यापुढे स्वतंत्र पानावर प्रश्न लिहिले. देवाचं म्हणून अंगाला काही लावलं, टोचलं, तापवून टेकवलं का? औषध म्हणून? कामामुळे कातडीला काही झालं का? हे शब्दांच्या आधी विचारावेत. आणि हे सगळं रोग्याला विचारावं, त्याच्या शहाण्या नवऱ्याला नव्हे. शेवटचं वाक्य दत्तूने छापताना काढायला सांगितलं. मी म्हटलं, ‘शहाण्या’ एवढंच काढ.

१८ ऑगस्ट, गुरुवार

छापण्यापूर्वी प्रश्नांच्या पानाची परीक्षा घेऊ, म्हणून दत्तूने आज मला दवाखान्यात बाकावर बसवलं. त्याचा कंपाउंडर नवा आहे, सुरतेचा. पान त्याच्या हातात.

अकराच्या सुमाराला अळणावरकडचा एक म्हातारा आला, पुंडलिक म्हणून. बरोबर सून, अनुसया. चार दिवस ताप, अन्न नाही. कंपाउंडरने सवयीने आधी यादीच म्हटली, शब्द मोडकेतोडके, पण बरोबर. म्हातारा मान हलवत होता. सून पुढे होऊन ठासून म्हणाली, “कायबी न्हाई बघा. मी घरात आसती की. कुटं खरचटल्यालंसुदीक न्हाई.” तो आवाज मी ओळखला. माझाच होता.

मग कंपाउंडर पान उलटून अडखळत म्हणाला, “बाबा, औषध म्हणून अंगाला काही तापवून लावलं का?”

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. “लावलंय की! पोट दुकत हुतं, म्हून आमुशाला डाग दिलाय. लई नामी मानसाकडनं.” आणि मोठ्या अभिमानाने त्याने सदरा वर केला. बेंबीच्या बाजूला चार डाग, दोन चिघळलेले, भोवती वीतभर लाली. दत्तू खुर्चीवरून उठलाच. आजच आलात ते बरं, म्हणाला, अजून वेळ आहे. जाताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मास्तर आहे हे विसरून.

मला अभिमान वाटला. तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. एका पानाने एक माणूस सापडला, आणि ते पान आमच्या घरात लिहिलं गेलं.

घरी आलो तेव्हा वेणू ओट्यावर बसून उजव्या हाताने वाती वळत होती, डावा मांडीवर ठेवलेला. मी उभ्याउभ्याच तिला सगळं सांगितलं, म्हाताऱ्याचा सदरा, कंपाउंडरचं मराठी, दत्तूचं उठणं, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आणि ती सून?” तिने विचारलं. “आधी ‘काही नाही’ म्हणाली ना ती?”

“ठासून म्हणाली.”

“तिला कुणी रागावलं नाही ना?”

“दत्तू बोलणार होता. मी त्याला गप्प केलं.”

“काय केलंत?”

“तिला बाकावर माझ्याशेजारी बसवून घेतलं. हुंदके देत होती.”

वेणूने हातातली वात पुरी केली आणि ताटलीत ठेवली. मग सरकून मला ओट्यावर जागा करून दिली.